ओलेटा क्रानचा हॉर्न

"शिडी धर आणि तोंड मीट," मी गॅलनला म्हटलं.

"अगं आई, गुडघे बघ तुझे."

"गुडघे माझे, शिडीही माझी. तू फक्त धर."

गॅलन माझा मुलगा. पंचेचाळीस वर्षांचा आहे, पोट सुटलंय, ट्रॅक्टरच्या दुकानात मॅनेजर आहे. तिथे सहा माणसं त्याचं ऐकतात, म्हणून सातवी मी, असा त्याचा समज. त्याने शिडी धरली, पण मेलेल्या सापाची शेपटी धरावी तशी.

"तीन वाजता तो माणूस येतोय गाडी न्यायला," खालून त्याची टकळी चालूच. "त्याने हॉर्नचं नावसुद्धा काढलेलं नाही. त्याला काही पडलेली नाही."

"त्याला नसेल. मला विचारायचंय."

"कुणाला?"

"हॉर्नला."

शेजारी खुर्चीत बसलेला बर्नेल सॅदर टोपीची कड चिमटीत फिरवत होता. बर्नेल म्हणजे आमचा इथला वीस हिवाळ्यांचा शेजारी. पाव पोचवायची गाडी चालवून निवृत्त झालेला, बडबड्या माणूस. तो आज सकाळपासून नको इतका शांत होता. मला वाटलं, वर्लिनची आठवण येत असेल.

वर्लिन माझा नवरा. फेब्रुवारीत गेला.

डाकोटात बर्फ पडायला लागला की आम्ही मोटारहोम काढून इथे ॲरिझोनाच्या वाळवंटात यायचो आणि मार्चअखेर परत फिरायचो. इथे वीज नाही, नळ नाही आणि फोन लागायचा तर समोरची टेकडी चढावी लागते. दोन गाड्यांमध्ये अर्धाअर्धा मैल अंतर. सगळे सत्तरीच्या पुढचे, कुणाचं हृदय अधू तर कुणाची साखर वाढलेली. म्हणून तळावर जुना नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण बायबलपेक्षा जास्त पाळला जातो. हवेच्या हॉर्नचे तीन लांब आवाज आले की हातातलं टाकायचं आणि धावायचं. कुणीतरी मरतंय. एरवी हवेच्या हॉर्नला कुणी हात लावायचा नाही.

आमच्या गाडीवरचा हॉर्न अख्ख्या तळात मोठा. धान्याच्या ट्रकवरचे दोन कर्णे, एक लांब, एक आखूड. मोडीत निघालेल्या ट्रकवरून मी स्वतः उतरवले होते. एकोणीस वर्षं मी महामार्गावरच्या ट्रक गॅरेजात काढली. झाडू मारायला लागले होते, निघाले तेव्हा एअर ब्रेकचं काम माझ्याशिवाय कुणाला देत नसत. सहावीत शाळा सुटली माझी, पण नळीतून हवा कुठे गळते ते मला कान लावून कळतं. इंजिन बंद असतानाही वाजला पाहिजे म्हणून या हॉर्नला मी वेगळी छोटी टाकी बसवली, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर बसवला, ड्रायव्हरच्या डोक्यावर लाल बटण लावलं. दर नोव्हेंबरला इथे पोचलो की आधी हॉर्न, मग चूल. वर्लिनला यातलं काही येत नसे. तो पोस्टमन होता. पत्रं टाकायचा आणि लोकांच्या कुत्र्यांशी बोलायचा.

"ही गाडी मरेल, मी मरेन, पण हा हॉर्न मरायचा नाही," असं मी येईल त्याला ऐकवायची. वीस वर्षं ऐकवलं.

आणि त्या दिवशी दुपारी बारा वाजता वर्लिन पाण्याचा पाइप गुंडाळता गुंडाळता खाली बसला, मग आडवा झाला. मी आत धावले आणि लाल बटण दाबलं. टक झालं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. टक. दहा वेळा दाबलं असेल. मग स्टिअरिंगवरचा छोटा हॉर्न पिळत बसले, तो वाजला, पण पिपाणीच ती. शेवटी धावले. माझ्या गुडघ्यांनी अर्ध्या मैलाला किती वेळ घेतला देव जाणे. बर्नेलने त्याची पिकअप काढली, इर्मा, त्याची बायको, टेकडीवर फोन करायला गेली. हेलिकॉप्टर आलं. डॉक्टर म्हणाला, वीस मिनिटं आधी हाती आला असता तर काही करता आलं असतं.

चर्चच्या तळघरात मातीनंतरचं जेवण होतं. मी स्वयंपाकघरात हॅमचे तुकडे पावात भरत होते. भिंतीपलीकडे गॅलन त्याच्या मामाला सांगत होता, "आयुष्यभर त्या हॉर्नची टिमकी वाजवली. एकदाच वाजायचा होता, तेव्हा वाजला नाही." माझ्या तोंडावर तो हे कधी बोलला नाही. तोंडावर बोलला असता तर मी उत्तर दिलं असतं.

उत्तर होतं का, हीच तर गोम.

कारण गेल्या नोव्हेंबरला मी छतावर चढलेच नव्हते. गुडघे सुजले होते. दरवर्षी वर जाऊन कर्ण्यांची तोंडं साफ करायची, आत हात घालून कुंभारीण माशीची घरटी खरवडायची आणि मग तोंडांवर बारीक जाळी बांधायची, हे काम माझं. कुंभारणीला असली नळकांडी फार आवडतात. चिखलाने भरून टाकते आणि वाळल्यावर तो सिमेंट होतो. त्या वर्षी मी खालूनच बटण दाबून बघितलं, हॉर्न वाजला, आणि सगळ्यांना सांगितलं, "झालं, साफ केला, जाळी बांधली." नऊ महिने गॅलनच्या घरात तळघरातल्या खोलीत पडून मी छताकडे बघत होते, तेव्हा डोळ्यांपुढे तेच यायचं. जाळी नसलेला कर्णा, आणि त्यात एकेक गोळी चिखल नेऊन ठेवणारी माशी.

म्हणून आज चढले. गाडी विकली गेली की विचारणार कुणाला?

गाडी फेब्रुवारीपासून इथेच उभी, छतावर धूळ बोटभर होती. गुडघे टेकत, शिव्या देत मी पुढच्या टोकाला पोचले आणि थांबले. दोन्ही कर्ण्यांच्या तोंडांवर जाळी होती. हिरवी, खिडकीची, नीट कापलेली, दोऱ्याने बांधलेली. गाठी पोस्टाच्या. पार्सलाला मारतात तशा, दुहेरी.

म्हणजे तो चढला होता. मी चढले नाही हे त्याला कळलं होतं, आणि मी खोटं बोलले हेही. एका शब्दाने न विचारता वर जाऊन माझं काम करून आला आणि जेवताना माझ्याकडून बीन्स जास्त मागून घेतले असतील.

"आहे का माशीचं घर?" गॅलन खालून ओरडला.

"नाही!"

दोरा कापला, आत बोटं घातली. आरशासारखं स्वच्छ. मग कर्ण्यांच्या पाठीमागची झाकणं उघडली. आत पातळ पत्र्याचा पडदा असतो, हवा त्याला थरथरवते आणि आवाज होतो. तो गंजला किंवा चिरला तर हॉर्न मुका. दोन्ही पडदे उन्हात धरून पाहिले. केसाएवढी चीर नाही. पुसले, बसवले, झाकणं आवळली.

मला त्या छतावर बसून हसू आलं. खरंच आलं. माझी चूक नव्हती! नऊ महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला मी. आता फक्त खरी चूक शोधायची आणि गॅलनच्या हातात ठेवायची. घे बाबा, आणि मामालाही दाखव.

खाली उतरले तर गॅलन घड्याळ बघत होता. "मी टेकडीवर जाऊन त्यांना फोन करून येतो. रस्ता चुकतील ते. तू आता बस जरा, आई."

"बसते."

तो वळला आणि मी आत जाऊन लाल बटण दाबलं. टक.

"टक होतंय म्हणजे करंट येतोय," मी बर्नेलला म्हटलं. त्याला म्हणण्यासारखं काही नव्हतं, पण मला कामात बोलायची सवय आहे. "फ्यूज ठीक, बटण ठीक, व्हॉल्व्ह उघडतोय. कर्णे ठीक. मग राहिली काय? हवा."

"ओलेटा, कॉफी ठेवू का?"

"तुझी कॉफी घोड्यालाही देऊ नये. टॉर्च धर."

पुढच्या चाकामागच्या कप्प्याचं दार उघडलं. कॉम्प्रेसर घरघरला आणि आपोआप थांबला, टाकीवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा हिरव्यात. टाकी भरलेली. व्हॉल्व्हला येणारी नळी पान्याने सैल केली आणि तिच्यावर अंगठा धरला. काही नाही. फुंकरही नाही.

"टाकीत हवा आहे आणि नळीत नाही," मी म्हटलं. "कसं काय? मधे काय आहे?"

"ओलेटा," बर्नेल म्हणाला, "तो माणूस हॉर्न न बघताच घेतोय ना. सोड ना आता."

"तुला काय झालंय रे सकाळपासून? इर्माने जेवायला घातलं नाही का?"

त्याने टॉर्च धरली होती, पण उजेड टाकीवर पडत नव्हता, जमिनीवर पडत होता. मी टॉर्च त्याच्या हातून घेतली. टाकीचं तोंड मागच्या भिंतीकडे आहे, दिसत नाही. खाली चटई टाकली, आडवी झाले आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. टाकीच्या तोंडाला नळीचा जोड लागायला हवा होता. लागलं काय, तर चौकोनी डोक्याचं गार पितळ. बूच. नळी सुटी करून बाजूला पट्टीने बांधून ठेवलेली, दिसली तर जोडलेली वाटावी अशी.

टाकीतली हवा सोडली, पाना लावला आणि बूच बाहेर काढलं.

पितळी बूच, करंगळीच्या पेराएवढं. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली, हवा गळू नये म्हणून गुंडाळतात ती. टेप नेहमी आट्यांच्या दिशेने गुंडाळायची असते, म्हणजे आवळताना ती घट्ट बसते. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते आणि तिचे धागे बाहेर लोंबतात, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे. या बुचावर धागे लोंबत होते.

वर्लिन डावखुरा होता. सत्तेचाळीस वर्षं मी त्याला सांगत आले, अरे मुडद्या, टेप उलटी जातेय तुझी. सत्तेचाळीस वर्षं तो म्हणत आला, बरं, बॉस. आणि सत्तेचाळीस वर्षं उलटी गुंडाळत आला.

मी चटईवर उठून बसले. बर्नेल टोपी हातात घेऊन उभा होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तो टोपीत बघत राहिला.

"बर्नेल सॅदर, मी इथे बसलेय म्हणून मला लहान समजू नकोस. बोल."

"सगळ्यांनाच माहीत होतं, ओलेटा."

"काय माहीत होतं?"

"तू पाच वाजता हॉर्न वाजवायचीस ना. त्याला जेवायला बोलवायला."

वाजवायची. एक लांब. वर्लिन रोज दुपारी बर्नेलच्या छपराखाली पत्ते खेळायला जायचा आणि घड्याळ विसरायचा. मी मक्याची भाकर गरम काढून ठेवायची ती थंड व्हायची. तीन आवाज म्हणजे मरण, एक म्हणजे जेवण, एवढं न कळणारा माणूस तळावर कोण होता? नियमाबियमाचं मला कुणी सांगू नये, हॉर्न माझा होता.

"लोक हसायचे त्याला," बर्नेल म्हणाला. "पाच वाजले की म्हणायचे, जा रे वर्लिन, गाय हंबरली. तो पण हसायचा. मग ती नवी बाई आली होती, आठवते? नर्स होती ती. तिला तुझं एक-तीनचं माहीत नव्हतं. आवाज ऐकून औषधाची पेटी घेऊन धावली, ओढ्यात पडली आणि मनगट मोडून घेतलं."

"तिला कुणी धावायला सांगितलं होतं?"

हे मी तेव्हाही म्हटलं होतं. अगदी असंच, याच आवाजात. बर्नेलने माझ्याकडे पाहिलं आणि मला माझा आवाज ऐकू आला.

"त्यानंतर सगळे वर्लिनशी बोलले. नाताळच्या आधी. म्हटलं, तिला सांग, हे बंद कर. तो म्हणाला, मी बघतो. दोन दिवसांनी हसत हसत आला आणि म्हणाला, झालं, बंद झालं. आम्हाला वाटलं, तुझ्याशी बोलला. मग इर्माने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, बूच मारलंय. मार्चमध्ये निघताना काढून टाकीन, तिला कळायचंही नाही."

"आणि मी बटण दाबलं असतं तर?"

"दाबायची वेळ येऊ दिली का त्याने?"

नाही.

नाताळनंतर वर्लिन रोज पाचला दहा मिनिटं कमी असताना दारात हजर असायचा. आपण होऊन. टोपी काढून, हात धुऊन, "काय शिजलंय, बॉस?" विचारत. मला वाटलं, सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, माणूस वळणावर आला. मी इर्माला ऐकवलं होतं. "बघ, नवरा असा लागतो. हाक मारावी लागत नाही." इर्मा खाली बघून हसली होती. तेव्हा वाटलं, जळतेय.

दोन महिने तो रोज हातातला डाव अर्धा टाकून धावत घरी येत होता, म्हणजे मी बटण दाबू नये. माझ्याशी पाच मिनिटं बोलण्यापेक्षा दोन महिने धावणं त्याला सोपं गेलं.

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे..." बर्नेल म्हणाला आणि थांबला.

"म्हणजे काय?"

"काही नाही."

"म्हण ना. आता मी काय करणार आहे तुझं?"

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे हरायचंच असतं, ओलेटा. त्याला हरायचा कंटाळा नव्हता. पण या वेळी हरून चालणार नव्हतं, लोक मागे लागले होते."

मी बुचावरचे धागे ओढत होते. एक निघाला की दुसरा.

"अजून एक आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "तुला सांगायचं नाही म्हणून इर्माने शपथ घातलीय. पण तुला नाही तर कुणाला सांगू? त्या दिवशी तुझा छोटा हॉर्न आम्हाला ऐकू आला होता. वारा तुझ्याकडून येत होता."

"मग?"

"बारा वाजले होते. इर्मा म्हणाली, घ्या, आता दुपारच्या जेवणालाही बोलवायला लागली."

त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

टेकडीवर गॅलन दिसत होता. एक हात कानाला, दुसरा हवेत, कुणाला तरी रस्ता समजावत होता. तसा हात वर्लिन करायचा, समोरच्याला दिसत नसलं तरी.

"त्याला सांगशील?" बर्नेलने विचारलं. "गॅलनला? तुझी चूक नव्हती, ओलेटा. हॉर्न तू चांगलाच ठेवला होतास. हे बूच त्याच्या हातावर ठेव. मी साक्ष देतो हवं तर."

मी बूच तळहातावर ठेवून पाहिलं. एवढंसं ते. नऊ महिने मी ज्याची वाट बघत होते ते हेच. गॅलनच्या नाकासमोर धरायचं आणि म्हणायचं, हे बघ, माझ्या हातचं काम नाही हे, उलटी टेप ओळख.

मग तो विचारेल, बाबांनी बूच का मारलं? आणि त्याला सांगावं लागेल की बापाने स्वतःचा जीव वाचवणारी नळी स्वतःच्या हाताने बंद केली, कारण आईला एक वाक्य सांगायची त्याची छाती नव्हती. लोक त्याला हसत होते हे सांगावं लागेल. गाय हंबरली, हे सांगावं लागेल. गॅलन बापासारखाच आहे. तो मला काही बोलणार नाही. फक्त उरलेलं आयुष्य पाचला दहा कमी असताना घरी येईल.

"तुझी इर्मा," मी म्हटलं, "तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला सांग, हे एक गिळायचं. आणि तूही."

"पण मग तो तुलाच..."

"मला काय? मी आहे की ऐकायला. त्याच्या बापाला उठून उत्तर देता येणार नाही. मला येतं. येत असून देणार नाही, एवढंच."

बर्नेलने मान हलवली. मी हात पुढे केला, त्याने ओढून मला उभं केलं. बूच मी ओढ्याकडे भिरकावलं. कुठे पडलं ते पाहिलं नाही, तिथे असल्या तांबड्या-पिवळ्या दगडांना तोटा नाही. मग नवी टेप काढली, आट्यांच्या दिशेने तीन वेढे घेतले, नळी टाकीला जोडली, व्हॉल्व्हची बाजू आवळली. कॉम्प्रेसर सुरू झाला. साबणाचं पाणी जोडांवर लावून पाहिलं, एकही बुडबुडा आला नाही.

गॅलन घामाघूम होऊन परत आला. "येताहेत. दहा मिनिटांत पोचतील. सापडलं का काही?"

"सापडलं."

तो थांबला. डोळे माझ्यावर. बर्नेल दुसरीकडे बघायला लागला.

"पडदा गेला होता," मी म्हटलं. "कर्ण्यातला पत्र्याचा पडदा. चिरला होता. दोन वर्षांनी बदलायचा असतो, मी बदलला नव्हता. डब्यात नवा पडून होता, तो आता बसवला."

"डब्यात पडून होता?"

"हो."

"म्हणजे होता तुझ्याकडे. फक्त बसवायचा होता."

"हो. फक्त बसवायचा होता."

त्याचा चेहरा बघत होते मी. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं," आणि त्याचे खांदे खाली आले. नऊ महिन्यांचं ओझं खाली ठेवावं तसे. माझ्या दंडाला हात लावला. "जाऊ दे, आई. वय झालं की होतं असं."

वय झालं की! माझ्या जिभेच्या टोकावर जे आलं ते मी कुठे ठेवलं, मलाच ठाऊक.

पांढरी पिकअप धूळ उडवत आली. घेणारा साठीचा, नवा कोरा शर्ट, नुकताच निवृत्त झालेला. त्याची बायको बारीक चणीची, गोड. घरात येताना पाय पुसून आली, मला बरं वाटलं. त्याने चाकांना लाथा घातल्या, जनरेटर चालू करून पाहिला, गॅलनशी हवामानावर बोलला. बाई ड्रायव्हरच्या खुर्चीत बसली आणि तिने वर पाहिलं.

"हे लाल बटण कशाचं?"

"दाबा."

तिने दाबलं. हॉर्न असा वाजला की शिडी थरथरली. बाईने दोन्ही कान झाकले आणि लहान मुलीसारखी हसली. तळावर लांब कुठेतरी एक दार उघडलेलं मी पाहिलं. कुणीतरी बाहेर येऊन उभं राहिलं, दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली आणि पुन्हा आत गेलं.

"अगंबाई! याची देखभाल कशी करायची? मला दाखवता?" ती म्हणाली. पर्समधून वही काढली.

"तिच्यावर फार विसंबू नका हं," गॅलन मागून हसत म्हणाला. "आमची आई सांगते सगळं झकास, पण करायचं विसरते."

सगळे हसले. बर्नेल हसला नाही. बाईने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी तिखट बोलेन आणि अजून हसू येईल, अशा बेताने.

मी चिंध्यांनी हात पुसले आणि तिला कप्प्यापाशी नेलं.

"ही टाकी," मी म्हटलं. "हिच्या बुडाशी ही छोटी तोटी आहे. महिन्यातून एकदा उघडायची. हवेतलं पाणी आत साचतं, ते आधी बाहेर येईल. गंजाचं, तांबडं. ते बघून घाबरायचं नाही आणि लगेच बंद करायची नाही."

"किती वेळ धरायची?" पेन्सिल वहीवर टेकवून तिने विचारलं.

"हवा कोरडी येईपर्यंत," मी म्हटलं. "लिहा."